दगडाची साल, हजारो सालांची

केसाहून पातळ असा एक काळा थर. चढायला हजारो वर्षं लागतात, जायला खिशातली एक किल्ली पुरते.

ट्रेकला जात असाल तर हे दृश्य तुम्हाला पाठ असणार. दमूनभागून गडाच्या दरवाजात पोचायचं, पाठीवरची सॅक उतरवायची, घाम पुसत भिंतीकडे बघायचं आणि समोर काय? बाण मारलेला बदाम. आत दोन अक्षरं, खाली तारीख. कुणीतरी किल्लीनं आपलं प्रेम तिथं अजरामर करून गेलेलं. आपण चिडतो, दोन शब्द सुनावतो आणि पुढे चालायला लागतो. पण मनात कुठंतरी असंही येतंच, की जाऊ दे, शेवटी दगडच तो. दगडाला काय होतंय?

दगडाला काय होतंय, याचं उत्तर शोधायला आज जरा लांब जाऊ. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला न्यू मेक्सिको नावाचं राज्य आहे. तिथल्या अल्बुकर्की शहराच्या पश्चिमेला साधारण २७ किलोमीटर लांबीचा एक काळा उतार पसरलेला आहे. दीड-दोन लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीला लांबलचक भेग पडली आणि त्यातून लाव्हा बाहेर आला. तो मऊ मातीवर पसरला, थंड झाला, त्याचा कातळ झाला. पुढे वाऱ्या-पावसानं कडेची माती खालून पोखरली गेली. आधार गेल्यावर कातळाच्या कडा तुटल्या आणि त्यांचे हजारो धोंडे उतारावर गडगडत आले. आजही ते तिथंच पडून आहेत. बसाल्टचेच धोंडे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जातकुळीतला दगड. वर निरभ्र आकाश, पायाखाली वाळू, मध्ये खुरटी झुडपं. वर्षभरात पाऊस किती, तर जेमतेम २२-२३ सेंटीमीटर. आपल्याकडे जुलैत चार दिवस नीट लागला तर तेवढा पडून जातो.

या धोंड्यांवर चित्रं आहेत. पक्षी, साप, हातांचे पंजे, मुखवटे, चांदण्या, गोल गोल फिरत जाणाऱ्या रेषा. सगळी मिळून अंदाजे २४ हजार. त्यातली बहुतेक इ. स. १३०० ते १६८०च्या दरम्यान काढलेली आहेत. काढणारे कोण, तर आज न्यू मेक्सिकोत राहणाऱ्या प्वेब्लो लोकांचे पूर्वज. काही चित्रं याहूनही कितीतरी जुनी आहेत. नंतर आलेल्या स्पॅनिश वसाहतवाल्यांनी कोरलेले क्रूसही मध्ये मध्ये दिसतात. १९९०मध्ये अमेरिकेनं या सगळ्या परिसराला 'पेट्रोग्लिफ नॅशनल मॉन्युमेंट' म्हणून संरक्षण दिलं.

आता गंमत बघा. या चित्रांत रंगाचा एक थेंबही नाही. चित्रं फिकट करडी दिसतात आणि भोवतालचा दगड काळाभोर. फळ्यावर खडूनं काढल्यासारखी. मग हा फळा काळा केला कुणी?

दोन दगड आणि एक साल

चित्र काढायची पद्धत अगदी साधी होती. हातात एक टणक दगड घ्यायचा आणि धोंड्यावर टकटक ठोकत जायचं. पुढे पुढे दोन दगड वापरायला लागले. एक छिन्नीसारखा धरायचा, दुसऱ्यानं त्यावर हातोडीसारखं मारायचं. त्यामुळे रेघ हवी तिथं आणि हवी तेवढीच उमटते. दर ठोक्याला वरचा काळा पापुद्रा उडतो आणि आतला करडा बसाल्ट दिसायला लागतो.

म्हणजे हे लोक दगड फारसा कोरत नव्हतेच. त्याची साल काढत होते. बटाटा सोलल्यासारखी!

या सालीला भूगर्भशास्त्रात 'डेझर्ट वार्निश' किंवा नुसतं 'रॉक वार्निश' म्हणतात. आपण वाळवंटी वार्निश म्हणू. नाव मिळालं ते तिच्या चकाकीमुळे. तिरप्या उन्हात असे दगड खरंच पॉलिश मारून ठेवल्यासारखे चमकतात. जाडी मात्र नगण्य. बहुतेक वेळा एका मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी, आणि पुष्कळदा तर आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ.

हा गंज नव्हे

आता तुम्ही म्हणाल, यात विशेष काय? बसाल्टमध्ये लोखंड असतं, लोखंड गंजतं, दगड काळा-तपकिरी पडतो. आपल्याकडेही पडतोच की.

पडतो. पण तो प्रकार वेगळा. एकदा करून बघा. गावाबाहेर कुठंतरी उघड्यावर वर्षानुवर्षं पडलेला काळ्या पाषाणाचा तुकडा शोधा. गडावरचा नको, शेताच्या बांधावरचा किंवा रस्त्याकडेचा चालेल. तो फोडा. आत काळसर करडा, ताजा दगड दिसेल आणि कडेनं तपकिरी पट्टा. हा पट्टा म्हणजे दगडातल्याच लोखंडाचा गंज. हवा-पाणी आत शिरत गेलं आणि दगड बाहेरून आत कुजत गेला. दगडाचं स्वतःचंच अंग बदललं.

वार्निशचं तसं नाही. ते बाहेरून येऊन बसतं. कशावरून? वाळवंटात बसाल्टच्या शेजारी कधी कधी क्वार्टझाइटचा दगड पडलेला असतो. क्वार्टझाइट म्हणजे जवळपास निव्वळ गारेचा दगड. त्यात लोखंड नावालाही नसतं. तरी त्याच्यावरही तसाच काळा लेप चढतो. ज्याच्या अंगात काळं काही नाही तोही काळा होतोय, म्हणजे काळेपणा बाहेरून येतोय, हे उघड आहे.

बाहेरून म्हणजे कुठून? धुळीतून. १९७७ साली कॅल्टेक या अमेरिकेतल्या नामांकित संस्थेतले रसेल पॉटर आणि जॉर्ज रॉसमन यांनी दाखवून दिलं, की या लेपाचा मोठा हिस्सा, जवळपास ७० टक्के, म्हणजे चक्क चिकणमाती. वाऱ्याबरोबर उडत आलेली, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक. उरलेल्या भागात मुख्यतः लोखंडाची आणि मँगेनीजची ऑक्साइडं असतात. सारवलेल्या भिंतीची आठवण येते ना? माती आहेच, पण तिला धरून ठेवणारं आणि रंग देणारं काहीतरी वेगळं आहे. इथं रंग देतं मँगेनीज. ते जास्त असेल तर लेप काळा होतो, कमी असेल आणि लोखंडाचं राज्य असेल तर नारिंगी. वाळवंटातल्या एकाच दगडाची उन्हाकडची बाजू काळी आणि जमिनीत रुतलेली बाजू नारिंगी, असंही दिसतं.

मँगेनीज जमवलं कुणी?

आणि इथंच शास्त्रज्ञांची झोप उडते.

पृथ्वीच्या कवचात मँगेनीज फार थोडं आहे. लोखंड त्याच्या साधारण पन्नास पट. साहजिकच धुळीतही थोडंफार हेच प्रमाण. मग धुळीपासून तयार झालेल्या काळ्या लेपात मँगेनीज लोखंडाच्या बरोबरीनं कसं येतं? पोतंभर तांदळातून कुणीतरी एक एक खडा वेचून ढीग रचावा, तसं हे मँगेनीज कुणीतरी वेचून ठेवलंय. कुणी?

प्रश्न जुना आहे. १८००च्या सुमारास जर्मन प्रवासी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यानं दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीच्या धबधब्यांजवळ असेच काळे चकचकीत खडक पाहिले होते. १८३२मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरलेल्या तरुण डार्विनलाही तसेच खडक दिसले. तोवर बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं असा थर तपासून त्यात मँगेनीज आणि लोखंड असल्याचं सांगितलेलं होतं. ते पाण्याकाठचे खडक, आपले वाळवंटातले. पण कोडं तेच. दोनशे वर्षं झाली, अजून त्यावर सगळ्यांचं एकमत नाही.

पहिली बाजू म्हणते, हे निव्वळ रसायनशास्त्र आहे. दव किंवा पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. त्यात धुळीतलं मँगेनीज लोखंडापेक्षा लवकर विरघळतं. मग ऊन पडतं, पाणी उडून जातं आणि मँगेनीज दगडावर मागे राहतं. धूळ वाऱ्यानं निघून जाते. पुन्हा धूळ, पुन्हा दव. लाखो वेळा.

दुसरी बाजू म्हणते, हे जिवाणूंचं काम. १९८१मध्ये रोनाल्ड डॉर्न आणि थिओडोर ओबरलँडर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं, की काही जिवाणू मँगेनीजचं ऑक्साइड तयार करतात आणि तेच या लेपाचे कारागीर आहेत. त्यावर आक्षेप आला, की लेप इतका सावकाश वाढतो, जिवाणू नेमानं कामाला असते तर तो कितीतरी जाड व्हायला हवा होता.

तिसरी बाजू २००६ची. रँडल पेरी आणि सहकाऱ्यांनी लक्ष वेधलं सिलिकाकडे. म्हणजे काच आणि वाळू ज्याची बनते ते द्रव्य. ते खनिजांतून अगदी थोडं थोडं विरघळतं, दगडावर त्याचा चिकट साका होतो आणि वाळवंटाच्या उन्हात भाजून कडक बनतो. जाता जाता वाटेत सापडेल ते स्वतःत अडकवून ठेवतो.

आणि २०२१मध्ये आणखी एक पान उलटलं. कॅल्टेकमधल्या उषा लिंगप्पा आणि त्यांच्या गटानं वार्निशवर राहणाऱ्या सायनोबॅक्टेरियांचा अभ्यास केला. सायनोबॅक्टेरिया म्हणजे उन्हावर जगणारे, वनस्पतींसारखं स्वतःचं अन्न स्वतः तयार करणारे सूक्ष्मजीव. उघड्या दगडावर, भाजून काढणाऱ्या उन्हात राहायचं तर पेशींचं नुकसान ठरलेलं. त्यापासून बचाव म्हणून हे जीव मँगेनीज अंगात साठवतात. आपण बाहेर पडताना सनस्क्रीन फासतो, तसंच काहीसं. फरक एवढाच, की ते आतून लावतात! हे जीव मेले की त्यांच्या अंगातलं मँगेनीज दगडावर राहतं आणि हळूहळू त्याचं काळं ऑक्साइड होतं.

हे खरं असेल तर प्वेब्लो कलाकारांचा तो काळा फळा म्हणजे असंख्य पिढ्यांच्या जिवांनी मागे ठेवलेली छत्री आहे. अर्थात वाद मिटलेला नाही. कदाचित वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे कारागीर असतील, किंवा सगळे मिळून एकाच दगडावर राबत असतील.

हजार वर्षांत किती?

कारागीर कुणीही असो, त्याला घाई नाही. तांझुओ लिऊ आणि वॉलेस ब्रोकर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार वार्निश वाढायचा वेग हजार वर्षांत एक मायक्रॉनहून कमी ते जास्तीत जास्त चाळीसेक मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरू. हजार वर्षांना एक मायक्रॉन या गतीनं केसाएवढा थर जमायला ७० हजार वर्षं लागतील. इंटरनेट स्लो आहे म्हणून वैतागणाऱ्या आपण सगळ्यांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

म्हणूनच तर सातशे वर्षांपूर्वीची चित्रं आजही फिकट दिसतात. उघड्या पडलेल्या रेषांवर नवा लेप चढतोय, पण सातशे वर्षं त्याला फारच अपुरी. त्याहून पुष्कळ जुनी चित्रं मात्र हळूहळू काळवंडतात. त्यामुळे एकाच दगडावर दोन चित्रं असतील, एक गडद आणि एक फिकट, तर गडद ते जुनं असा ढोबळ अंदाज करता येतो.

या सालीत आणखीही काही दडलेलं असतं. तिचा अतिशय पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर आत पट्टे दिसतात. काळा, नारिंगी, पुन्हा काळा. ओलसर काळात मँगेनीज जास्त जमतं, पट्टा काळा होतो. कोरड्या काळात नारिंगी. झाडाच्या खोडात वर्तुळं असतात, तशी दगडावर लिहिलेली पावसापाण्याची वहीच. फक्त ही वही वर्षाची नोंद ठेवत नाही, हजारो वर्षांची ठेवते. हिमयुग संपतानाचे चढउतार अशा काही मायक्रॉनांत वाचता येतात.

पण वही वाचताना चुकाही होतात. लेपाखाली अडकलेल्या कार्बनवरून चित्रांचं नेमकं वय काढायचे प्रयत्न झाले होते. १९९०च्या दशकात ते वादात सापडले, कारण त्या कार्बनमध्ये वेगवेगळ्या वयांचे कण मिसळलेले असू शकतात हे लक्षात आलं. तेव्हा 'हे चित्र अमुक हजार वर्षांचं' असं कुणी छातीठोक सांगितलं, तर आधी 'कशावरून?' असं जरूर विचारा.

मग आपल्याकडे का नाही?

दगड तोच, ऊन तर आपल्याकडेही रग्गड. मग सह्याद्री असा चकचकीत काळा का नाही?

एका शब्दात उत्तर : पाऊस. वार्निशला थोडंसं पाणी लागतं, दवापुरतं. जास्त झालं की बिघडतं. अल्बुकर्कीला २२-२३ सेंटीमीटर आणि महाबळेश्वरला पाचशेच्या वर! एवढ्या पाण्यात धूळ टिकत नाही. दगडाचा पृष्ठभागच झिजत राहतो, आणि हजारो वर्षं न हलणारा पृष्ठभाग ही वार्निशची पहिली अट. शिवाय ओल आली की शेवाळं येतं, दगडफूल येतं. हो, गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल ज्या कुळातलं, तेच. दगडावर वाढणारे हे जीव आम्लं सोडतात आणि मँगेनीजला आम्ल अजिबात सोसत नाही. लेप जमायच्या आत विरघळतो.

आपल्या पावसानं बसाल्टचं वेगळंच काहीतरी केलं. कोकणात लाखो वर्षं पाणी मुरत राहिलं, दगडातलं बरंच काही धुऊन गेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. त्याचा झाला जांभा. म्हणजे एकाच जातीच्या लाव्हाची ही दोन नशिबं. वाळवंटात त्याला वार्निश चढलं, कोकणात त्याचा जांभा झाला.

आणि गंमत म्हणजे माणसानं दोन्हीकडे चित्रं काढली! रत्नागिरी, राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं तुम्ही पाहिली असतील, निदान रील्सवर तरी. कशेळीचा भलामोठा हत्ती त्यातलाच. २०२२मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पण कोकणच्या कलाकाराला साल काढून भागण्यासारखं नव्हतं, कारण जांभ्याला तशी काळी सालच नाही. त्याला रेषा खोल खोदावी लागली, तिच्यात सावली पडेल इतकी. अल्बुकर्कीचा कलाकार रंगातल्या फरकावर चित्र काढत होता, कोकणातला सावलीवर. दगडानं जे दिलं, त्यावर दोघांनी भागवलं.

घाईतला लेप आणि जांभळा मंगळ

सगळेच लेप इतके निवांत नसतात. हवाईमधल्या किलाउआ ज्वालामुखीच्या नैर्ऋत्येला काऊ नावाचं वाळवंट आहे. तिथं पाऊस पडतो, तरी ते ओसाड आहे. कारण ज्वालामुखीतून निघणारा गंधकाचा वायू ढगांत आणि धुक्यात मिसळतो आणि आम्लच बरसतं. झाडं जगत नाहीत. हेच आम्ल ताज्या लाव्हाच्या काचेसारख्या पृष्ठभागावर तुटून पडतं. बाकीची द्रव्यं विरघळून जातात आणि सिलिकाचा पांढुरका, कधी निळसर झाक असलेला पातळ लेप तयार होतो. डिसेंबर १९७४मध्ये बाहेर आलेल्या लाव्हावर असा लेप अवघ्या काही दशकांत चढला. तुमच्या आई-बाबांच्या वयाचा दगड, आणि त्याला साल आलीसुद्धा!

हे सगळं कुणाला हवंय, असं वाटत असेल तर सांगतो : मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांना. मंगळ म्हणजे आजच्या घडीला आपल्याला माहीत असलेलं एक मोठंच्या मोठं बसाल्टचं वाळवंट. वर धूळ, भरपूर किरणं, पाणी जवळपास नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये 'पर्सिव्हिअरन्स' रोव्हर तिथल्या येझेरो विवरात उतरला आणि त्याच्या कॅमेऱ्यांना दगडांवर जांभळट रंगाचे लेप दिसले. एखाद-दुसऱ्या दगडावर नव्हे, ठिकठिकाणी. लोखंडाची ऑक्साइडं आणि पाण्याशी संबंध सुचवणारा हायड्रोजन त्यात असल्याचं मोजमापांतून दिसलं.

यात अडचण अशी, की लांबून बघणाऱ्याला दगड दिसतच नाही, दिसते ती साल. फणसाची साल बघून गऱ्याची चव सांगण्यासारखं आहे ते. म्हणून तर २००४मध्ये उतरलेल्या 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी'पासून रोव्हरना दगड घासायची अवजारं दिली जातात. आधी साल घासायची, मग आतला दगड वाचायचा.

पण ती सालही टाकाऊ नाही. पाणी किती काळ होतं, हवा कशी होती, हे तिच्यातच लिहिलेलं असेल. पृथ्वीवर मँगेनीज साठवणारे जर खरोखर जीवच असतील, तर परग्रहावरच्या दगडाची साल तपासायला आणखी एक कारण मिळतं. मात्र उडी मारायची घाई नको. मंगळावर मँगेनीजची ऑक्साइडं 'क्युरिऑसिटी' रोव्हरला सापडलेली आहेत, पण ती जीवांशिवायही तयार होऊ शकतात. आधी आपल्याच पृथ्वीवरचं कोडं नीट सुटायला हवं. ते सोडवायचं तर वार्निश चढलेले दगड न खरवडता शिल्लक राहायला हवेत.

एका सेकंदाचा हिशेब

फिरून येऊ त्या काळ्या उतारावर. आज अल्बुकर्की शहर त्याला अगदी येऊन भिडलंय. या संरक्षित परिसराचा एक भाग तर वसाहतीतल्या घरांच्या परसदाराशीच सुरू होतो. शहर वाढलं तशी रस्त्याची मागणी झाली. प्वेब्लो लोकांनी कडाडून विरोध केला. त्यांच्यासाठी हे संग्रहालय नाही, पूर्वजांशी बोलायची जागा आहे, आजही प्रार्थना होते अशी. तरीही १९९८मध्ये अमेरिकी संसदेनं साडेआठ एकर जमीन संरक्षणातून वगळली आणि पुढे तिथून रस्ता गेला. गाड्यांची सोय झाली, हे खरं. पण विकासाचे हे वाद आपल्याकडचेच वाटतात, नाही?

रस्त्याचा निर्णय तुमच्या-माझ्या हातात नसतो. हातातली किल्ली मात्र असते. या उतारावर फिरायला येणाऱ्यांना एक गोष्ट बजावून सांगितली जाते : चित्रांना हात लावू नका. बोटांचं तेलकट मेण दगडावर बसतं आणि लेपाचं नुकसान होतं. साधं बोट टेकवायचीही मनाई, मग नाव कोरण्याचं काय बोलायचं! कुणी कोरलंच, तर ती ओरखडलेली पांढरट रेघ आपोआप भरून यायला किती काळ लागेल, तो हिशेब तुम्ही आता स्वतः करू शकता. कोरणाऱ्याचं प्रेम टिको न टिको, त्याची पतवंडं आणि त्यांचीही पतवंडं होऊन जातील, तरी ओरखडा तसाच राहील. रंग देऊन तो झाकता येईल, पण त्याखालची पावसापाण्याची वही फाटली ती फाटलीच.

आपल्या गडांच्या भिंतींवर वार्निश नाही, हे आपण पाहिलं. पण छिन्नीचे घाव आहेत, पाथरवटांच्या खुणा आहेत, क्वचित कुठं शिलालेख आहे. कोकणातल्या सड्यांवर रेषा आहेत. फोटोत उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरायचा मोह होतो. नका भरू. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना जा, तिरप्या उन्हात सावली पडते आणि रेषा आपोआप उठतात. ज्यानं खोदलं त्याला हे ठाऊक होतं. शिल्पावर पाय देऊन उभं राहायचं नाही, हेही ओघानं आलंच.

पुढच्या ट्रेकला कुणी किल्ली बाहेर काढताना दिसला, तर भांडू नका. त्याला बाजूला घ्या आणि न्यू मेक्सिकोतल्या काळ्या धोंड्यांची ही गोष्ट सांगा. केसाएवढी जाडी, ७० हजार वर्षं. हा हिशेब ऐकून बहुतेक जण किल्ली खिशात ठेवतात की नाही, ते आम्हालाही कळवा.